गुलमोहराच्या पाकळ्यांचा अर्क: मात्रा वाढवली की डीपीपीएचचे टक्के उतरतात, असं का?

पाकळी (फलटण):

नमस्कार. मी एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. प्रकल्प पुढच्या सत्रात आहे, पण गुलमोहर तोवर थांबणार नाही, म्हणून मॅडमना विचारून मे महिन्यातच काम सुरू केलं. विषय आहे शोभेच्या झाडांच्या फुलांमधले अँटिऑक्सिडंट.

फुलं कॉलेजच्या मागच्या रस्त्याकडेच्या झाडाची. खाली पडलेली घेतली नाहीत, सकाळी नऊच्या आत फांदीवरून काढली. पाकळ्या वेगळ्या करून वर्तमानपत्रावर सावलीत वाळवल्या, मिक्सरमधून काढल्या. दहा ग्रॅम पूड शंभर मिली ८० टक्के मिथेनॉलमध्ये रात्रभर ठेवली, व्हॉटमन १ गाळणकागदातून गाळली, मिथेनॉल उडवून सुका अर्क वजन केला. तो परत मिथेनॉलमध्ये विरघळवून दर मिलीला ५०, १००, २००, ४०० आणि ८०० मायक्रोग्रॅम असे पाच द्रव तयार केले.

मग प्रत्येकातला १ मिली अर्क आणि ३ मिली ०.१ मिलिमोलर डीपीपीएच (अँटिऑक्सिडंट भेटला की रंग उतरणारं जांभळं रसायन), ३० मिनिटं कपाटात अंधारात, मग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ५१७ नॅनोमीटरला रीडिंग, म्हणजे रंगाने किती उजेड शोषला ते. कंट्रोल म्हणजे १ मिली मिथेनॉल आणि ३ मिली डीपीपीएच, त्याचं रीडिंग ०.८२. यंत्र मिथेनॉलवर शून्य केलं होतं.

२०० पर्यंत सगळं ठीक. २०० ला रीडिंग ०.३०, म्हणजे ६३ टक्के रोध (कंट्रोलच्या तुलनेत रंग तेवढा उतरला). आता ४०० ला आणखी वाढायला हवं, तर ते थोडं कमीच आलं. ८०० ला रीडिंग उलट चढून ०.४३, म्हणजे जेमतेम ४८ टक्के. तिन्ही नळ्यांच्या संचांत हेच. क्युवेट धुऊन परत घेतलं, डीपीपीएच ताजं केलं, तरी वक्र तसाच, वर जाऊन खाली वाकणारा.

दुसरं म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या ॲस्कॉर्बिक आम्लाचा आयसी५० (निम्मं डीपीपीएच संपवायला लागणारी तीव्रता) मला दर मिलीला १३ मायक्रोग्रॅमच्या आसपास येतो. मी वाचलेल्या निबंधांत कुठे ४ आहे, कुठे ५, कुठे थेट २५. माझा बरोबर की चूक हे कशावरून ठरवायचं?

फुलं अजून दोन-तीन आठवडे मिळतील. त्याच्या आत कळलं तर परत करता येईल.

---

बेंझीनरिंग (नांदेड):

मात्रा जास्त झाली की पॉलिफिनॉल प्रो-ऑक्सिडंट होतात, म्हणजे उलटं काम करायला लागतात. क्वेर्सेटिन, गॅलिक आम्ल यांच्याबद्दल हे वाचलेलं आहे. तुझ्या ८०० ला तेच होत असावं. चर्चेच्या भागात तसं लिहून टाक, परीक्षकांना आवडतं.

---

क्युवेट (कऱ्हाड):

पाकळी, तू अर्क कसा काढलास, किती मिलीत किती मिसळलंस, यंत्र कशावर शून्य केलंस, हे सगळं लिहिलंस म्हणून उत्तर देता येतंय. बहुतेक जण नुसतं ‘ग्राफ चुकतोय’ एवढंच लिहितात. मी औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते आणि दर उन्हाळ्यात जास्वंद, गुलमोहर, बोगनवेल घेऊन येणारी मुलं बघते. हा वाकलेला वक्र लाल फुलांच्या वहीत हमखास असतो.

आधी एक साधी गोष्ट कर. ८०० ची नळी उजेडात पांढऱ्या कागदापुढे धर. ती जांभळी दिसते की लालसर? मला खात्री आहे, लालसर दिसेल. डीपीपीएच संपलेला आहे, पण तुझ्या अर्काचा स्वतःचा रंग शिल्लक आहे, आणि यंत्राला त्या दोघांतला फरक कळत नाही.

याचं कारण असं. डीपीपीएच हे स्थिर मुक्त मूलक आहे. एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेला, त्यामुळे द्रव गडद जांभळा आणि शोषण सर्वांत जास्त ५१७ ला. अँटिऑक्सिडंटने त्याला हायड्रोजन दिला की जांभळा जाऊन फिकट पिवळा उरतो. ब्लॉइसने १९५८ साली ‘नेचर’मध्ये ही पद्धत मांडली. स्वस्त आहे, अर्ध्या तासात होते, आणि म्हणूनच आपल्याकडच्या प्रत्येक कॉलेजात पोचली. पण गुलमोहराच्या पाकळीत अँथोसायनिनं म्हणजे लाल-जांभळी रंगद्रव्यं आहेत, सायनिडिन आणि पेलार्गोनिडिनची ग्लायकोसाइडं. त्यांचंही शोषण ५०० ते ५३० च्या पट्ट्यात असतं. डीपीपीएचची खिडकी आणि गुलमोहराच्या लाल रंगाची खिडकी एकच. अर्क वाढवत गेलीस की एका बाजूने जांभळा घटतो आणि दुसऱ्या बाजूने लाल वाढतो. २०० पर्यंत जांभळा घटण्याचा वेग जास्त, म्हणून टक्के चढले. त्यानंतर जांभळा संपत आला, लाल मात्र वाढतच राहिला.

उपाय सॅम्पल ब्लँकचा. प्रत्येक तीव्रतेसाठी आणखी एक नळी: १ मिली अर्क आणि डीपीपीएचऐवजी ३ मिली नुसतं मिथेनॉल. तितकीच मिनिटं अंधारात, तेच ५१७. हे रीडिंग डीपीपीएच असलेल्या नळीच्या रीडिंगमधून वजा करायचं आणि मगच टक्के काढायचे. सूत्रात कंट्रोल उणे (नमुना उणे नमुन्याचा ब्लँक), भागिले कंट्रोल, गुणिले १००. पाच नळ्या जास्त लागतील, खर्च फक्त मिथेनॉलचा.

आता बेंझीनरिंग यांच्या मुद्द्याबद्दल. पॉलिफिनॉल प्रो-ऑक्सिडंट होतात हे खरं, पण त्याला लोह किंवा तांब्यासारखा धातू लागतो, हवेतला ऑक्सिजन लागतो, आणि नुकसान व्हायला एखादा स्निग्ध पदार्थ, प्रथिन किंवा डीएनए लागतो. तुझ्या नळीत मिथेनॉल, डीपीपीएच आणि अर्क एवढंच आहे. शिवाय पिवळा पडलेला डीपीपीएच प्रो-ऑक्सिडंटमुळे परत जांभळा होत नाही. तेव्हा चर्चेत ते लिहू नकोस. परीक्षकांना आवडेल म्हणून लिहिलेलं वाक्य पुढे कुणीतरी खरं समजून वापरतं.

सॅम्पल ब्लँकही अगदी निर्दोष नाही. डीपीपीएचशी भिडताना अँथोसायनिनं स्वतः बदलतात आणि त्यांचा थोडा रंग जातो. म्हणजे ब्लँकच्या नळीत जेवढा लाल आहे तेवढा खऱ्या नळीत उरलेला नसतो, आणि आपण किंचित जास्तच वजा करतो. म्हणून लाल, जांभळ्या फुलांसाठी दुसरी एक पद्धत जोडीला हवीच. माझी पसंती एबीटीएसला, तीही रंग उतरण्यावरच चालणारी पद्धत. त्याचं रीडिंग ७३४ ला घेतात, आणि तिथे अँथोसायनिनाचा अडथळा जवळजवळ नाही. ७ मिलिमोलर एबीटीएस आणि २.४५ मिलिमोलर पोटॅशियम परसल्फेट एकत्र करून १२ ते १६ तास अंधारात ठेवायचं, निळसर हिरवा रंग येतो, तो ०.७० रीडिंगपर्यंत पातळ करून वापरायचा. एबीटीएस महाग आहे, तुमच्या विभागात नसेल तर फ्रॅप कर, म्हणजे अर्क लोहाचं क्षपण किती करतो ते मोजणारी पद्धत. तिथे रीडिंग ५९३ ला असतं. अँथोसायनिनाची शेपटी तिथवर थोडी पोचते, म्हणून फ्रॅपलाही ब्लँक लागतोच.

ॲस्कॉर्बिक आम्लाचं बघू. हे गणित कुठल्याही निबंधावर न विसंबता स्वतः करता येतं, म्हणून मला फार आवडतं. तू ३ मिली ०.१ मिलिमोलर डीपीपीएचमध्ये १ मिली अर्क घालतेस, म्हणजे नळीत डीपीपीएच ०.०७५ मिलिमोलर. त्याचा अर्धा ०.०३७५. ॲस्कॉर्बिक आम्लाचा एक रेणू डीपीपीएचचे दोन रेणू संपवतो, म्हणून लागणारं आम्ल ०.०१८७५ मिलिमोलर. रेणुभार १७६.१२. गुणाकार केलास की दर मिलीला ३.३ मायक्रोग्रॅम. हा झाला नळीतला आयसी५०. तू १३ म्हणतेस, तो मिसळण्याआधीच्या द्रवाचा आकडा आहे. मिसळल्यावर तो चौथा हिस्सा होतो. १३ भागिले ४ किती आले बघ.

तुझं यंत्र, तुझा डीपीपीएच आणि तुझा हात तिन्ही ठीक आहेत. निबंधांतला २५ सुद्धा बऱ्याचदा असाच मिसळण्याआधीचा असतो, आणि कधी डीपीपीएच दुप्पट तीव्र घेतलेला असतो. म्हणून आयसी५० लिहिताना नळीतला अंतिम आकडा लिही आणि डीपीपीएचची अंतिम तीव्रता शेजारीच लिही. त्याशिवाय दोन प्रयोगशाळांचे आयसी५० एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

वाळवण्याबद्दल एकच. सावलीत वाळवलंस हे चांगलं, पण मे महिन्यात फलटणला सावलीतही पारा चाळीसला जातो. पाकळ्या जाड थरात ठेवल्या तर आतल्या तपकिरी पडतात, त्यांच्यातलीच विकरं फिनॉल जाळून टाकतात. एकेरी थर, खाली मलमल, वर पंखा.

---

अंगणातली (चिपळूण):

माझा प्रश्न प्रयोगाचा नाही, पण याच विषयातला आहे. लहानपणी आम्ही गुलमोहराची ती पांढऱ्या-पिवळ्या रेघांची एक पाकळी खायचो, आंबट लागते. आता व्हॉट्सॲपवर एक चित्रफीत फिरते आहे की गुलमोहराच्या फुलांचा काढा घेतला की शरीरातले फ्री रॅडिकल जातात आणि साखरही आटोक्यात येते. आमच्या यांना मधुमेह आहे. दारात मोठा गुलमोहर आहे, फुलांचा खच पडतो. क्युवेटताई, तुम्ही यातल्या जाणकार दिसता. रोज सकाळी कपभर काढा द्यायला हरकत आहे का?

---

पाकळी (फलटण):

क्युवेट मॅडम, नळी खरंच लालसर आहे. मी इतके दिवस तिच्याकडे पाहिलंच नव्हतं असं नाही, पण तिचा रंग आणि रीडिंग यांचा संबंध कुणी सांगितला नव्हता.

ब्लँक घेतले. २०० चा ०.०८, ४०० चा ०.१६, ८०० चा ०.३१. वजा केल्यावर २०० ला ७३ टक्के, ४०० ला ८०, ८०० ला ८५. वक्र वर जाऊन सपाट होतो, खाली वाकत नाही. ब्लँकचे आकडेही अर्काच्या प्रमाणात दुपटीने वाढतात, म्हणजे तो रंगच आहे याची खात्री पटली.

एबीटीएस आमच्याकडे नाही, शेजारच्या कॉलेजात विचारते आहे.

आणखी दोन शंका. मी पाण्यातलाही अर्क केला आहे, कारण लोक काढा पाण्यातच करतात. तो डीपीपीएचमध्ये घातला की नळी ढगाळ होते आणि टक्के फारच कमी येतात. आणि फोलिन-सिओकाल्टो अभिकारकाने एकूण फिनॉल काढले, तर पाण्याच्या अर्कात ते बरेच जास्त येतात. फिनॉल जास्त आणि डीपीपीएच कमी, हे कसं जुळवायचं?

---

क्युवेट (कऱ्हाड):

आधी चिपळूणच्या ताईंना उत्तर देते, कारण तिथे माणसाच्या प्रकृतीचा प्रश्न आहे.

ताई, काढा देऊ नका. पाकळी जे मोजते आहे ते काचेच्या नळीत, मिथेनॉलमध्ये, एका कृत्रिम मूलकाविरुद्ध मोजते आहे. पोटात गेल्यावर त्याच अँथोसायनिनांचा अगदी थोडा भाग जसाच्या तसा रक्तात पोचतो, बाकीच्याचं आतड्यातले जिवाणू आणि यकृत काहीतरी वेगळंच करून टाकतात. नळीतला ८५ टक्के आकडा रक्तात ८५ टक्के होत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अशा नळीतल्या आकड्यांची एक मोठी यादी ठेवली होती, ओरॅक नावाची. त्या आकड्यांवरून कंपन्या जाहिराती करू लागल्या. नळीतल्या क्षमतेवरून शरीरातला परिणाम सांगता येत नाही, असं म्हणून त्यांनी २०१२ साली ती यादी संकेतस्थळावरून काढून टाकली.

अँटिऑक्सिडंट आहे म्हणजे चांगलंच, हेही धरून चालता येत नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर मोठी चाचणी झाली, तिचा निकाल १९९४ साली आला. बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. तो १८ टक्क्यांनी जास्त आढळला. बीटा कॅरोटीन म्हणजे गाजरातलंच. गाजर खाणं वेगळं आणि वेगळं काढून रोज गोळीतून घेणं वेगळं.

आणि डीपीपीएच विषाला ओळखत नाही. पिवळ्या कण्हेरीच्या पानांतही फिनॉल आहेत, त्यांचा अर्कही ही नळी पिवळी करील. त्याच पानांत हृदय बंद पाडणारी ग्लायकोसाइडंही आहेत. गुलमोहर कण्हेरीसारखा विषारी आहे असं माझं म्हणणं नाही. लहानपणी खाल्लेल्या आंबट पाकळीने तुमचं काही बिघडलं नाही, आणि तशी एखादी पाकळी नातवंडांनी चाखली तरी घाबरू नका. पण कपभर काढा, रोज, आणि तोही मधुमेहाची गोळी चालू असलेल्या माणसाला, हा वेगळा मामला आहे. साखर खरोखरच खाली आली तर गोळीच्या जोडीने ती किती खाली जाईल हे कोण बघणार? डॉक्टरांनी दिलेलं चालू ठेवा.

तुम्ही कोकणात आहात. लाल रंगाचं काही प्यायचं असेल तर कोकम आहे की. त्यातही सायनिडिनचीच अँथोसायनिनं आहेत, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या ताटात आहे. मधुमेह आहे म्हणून साखरेचं अमृत कोकम नको. आमसुलाचं सार करा, गूळ न घालता.

आता पाकळी. पाण्याच्या अर्कात फुलातला चिकट पदार्थ, पेक्टिन, प्रथिनं, साखर असं सगळं येतं. ते मिथेनॉलच्या द्रवात पडलं की विरघळलेलं राहत नाही, बारीक कण होऊन तरंगतं. ढगाळ नळीत उजेड विखुरतो आणि यंत्र त्यालाच शोषण समजतं. हे तपासायचं असेल तर ७०० ला रीडिंग घे. तिथे ना डीपीपीएच शोषतो ना अँथोसायनिन. तिथेही आकडा दिसला तर तो ढगाचा. उपाय म्हणजे पाण्याच्या अर्कात आधीच चौपट मिथेनॉल घाल, तासभर थंड ठेव, सेंट्रिफ्यूज कर, वरचं स्वच्छ द्रव वापर. सेंट्रिफ्यूज नसेल तर पाण्यात चालणारी पद्धत निवड. फ्रॅप आणि एबीटीएस दोन्ही पाण्यात होतात. पाण्याच्या अर्काला डीपीपीएच मुळातच सोयीचा नाही.

फोलिनचं कोडं तितकंच साधं आहे. नाव एकूण फिनॉल असलं तरी हे अभिकारक फिनॉल मोजत नाही, इलेक्ट्रॉन देऊ शकणारं जे काही समोर येईल ते मोजतं. ॲस्कॉर्बिक आम्ल, क्षपणकारी साखर, काही अमिनो आम्लं, सगळ्यांनी ७६५ ला निळा रंग येतो. फुलात मध असतो, त्यातली साखर पाण्यात पूर्ण उतरते. शिवाय आंबट पाकळी म्हटल्यावर मला ॲस्कॉर्बिक आम्लाचाही संशय येतो. ते डायक्लोरोफिनॉल-इंडोफिनॉलच्या टायट्रेशनने वेगळं काढता येईल, ब्युरेट तर आहेच. पाण्याच्या अर्कात पॉलिअमाइड किंवा पीव्हीपीपीची पूड हलवून गाळलीस की फिनॉल तिला चिकटून निघून जातात. गाळलेल्या द्रवाचं फोलिन परत कर. जे उरलं ते बहुतांशी फिनॉल नव्हतं. पहिल्यातून दुसरं वजा, तो खऱ्याच्या जवळचा आकडा.

एक सुचवू का? ताईंनी जे लिहिलं त्यात तुझ्या प्रकल्पाचा चांगला गाभा आहे. गुलमोहराच्या फुलात चार पाकळ्या लाल आणि पाचवी पांढऱ्या-पिवळ्या रेघांची. त्या वेगळ्या कर. पाचवीत लाल रंग कमी, म्हणजे ५१७ चा घोटाळाही कमी. चार लाल पाकळ्यांचा अर्क आणि पाचवीचा अर्क शेजारी शेजारी मोज. अँथोसायनिन पीएच १.० आणि ४.५ च्या फरकाने काढ, रीडिंग ५२० आणि ७०० ला घेऊन. मग रंग गेला तर क्षमता किती जाते हे तुला थेट कळेल. नुसतं ‘गुलमोहरात अँटिऑक्सिडंट आहेत’ हे सिद्ध करायला प्रकल्प नको, कुठल्याही हिरव्या पानात ते असतातच. कुठल्या घटकामुळे, हा प्रश्न घे.

अँथोसायनिनासाठी मिथेनॉलमध्ये आम्ल घालायचं असेल तर तो अर्क वेगळा ठेव. आम्ल घातलेला अर्क डीपीपीएचला देऊ नकोस. अल्कोहोलमध्ये ही क्रिया मोठ्या प्रमाणात फिनॉलच्या आयनामार्फत चालते, आम्लाने तो आयन दबतो आणि क्रिया मंदावते.

आणि पाकळीतला सगळा लाल अँथोसायनिनाचा नाही. १९६२ साली जुंगलवाला आणि कामा यांनी ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये गुलमोहराच्या फुलातल्या कॅरोटिनॉइडांवर निबंध लिहिला होता, आजही वाचण्यासारखा आहे. कॅरोटिनॉइड ८० टक्के मिथेनॉलमध्ये फारसे उतरत नाहीत, ॲसिटोन किंवा हेक्झेन लागतं. तुझ्या गाळणकागदावर राहिलेला चोथा नारिंगी दिसत असेल तर ते त्यांचंच.

---

बेंझीनरिंग (नांदेड):

पटलं. मी शोभेच्याच झाडांमध्ये ताम्हण घेतलं आहे, पानांचा अर्क. त्याला रंगाचा त्रास नाही आणि डीपीपीएच फार जोरात पिवळा पडतो. ताम्हणाच्या पानातलं कोरोसोलिक आम्ल प्रसिद्ध आहे, फिलिपिन्समध्ये त्याच पानांचा बनाबा चहा पितात. तेव्हा श्रेय कोरोसोलिक आम्लाला द्यायचं ना?

---

क्युवेट (कऱ्हाड):

नाही. कोरोसोलिक आम्लाची रचना काढून बघा. ते उर्सोलिक आम्लाच्या घराण्यातलं ट्रायटर्पिन आहे, त्यात फिनॉलचं एकही हायड्रॉक्सिल नाही. डीपीपीएचला हायड्रोजन द्यायला त्याच्याकडे सोयीची जागाच नाही. ग्लुकोजच्या संदर्भात त्याचं नाव झालं, ती गोष्ट वेगळी. तुमचा जोर एलाजिटॅनिनांचा आहे, ताम्हणाच्या पानात ती भरपूर असतात. फेरिक क्लोराइडचा थेंब टाका, निळा-काळा रंग येईल. जिलेटिन घाला, साका बसेल. तो साका काढून उरलेल्या द्रवाचं डीपीपीएच केलंत की टॅनिनांचा वाटा किती हे तिथेच दिसेल. आपलं राज्यफूल आहे, काम नीट व्हायला हवं.

---

तेलघाणा (औसा, जि. लातूर):

मी शिक्षणाने रसायनवाला नाही, लाकडी घाणा चालवतो. करडई आणि शेंगदाणा. करडईचं तेल उन्हाळ्यात लवकर खवट होतं, गिऱ्हाईक परत घेऊन येतं. मोठ्या कंपन्या टीबीएचक्यू घालतात असं ऐकलं. मला रसायन घालायचं नाही. इथे गुलमोहर, ताम्हण यांचं वाचून वाटलं, फुलांची पूड तेलात टाकून ठेवली तर तेल टिकेल का? आणि टिकलं हे घरच्या घरी कळेल कसं?

---

क्युवेट (कऱ्हाड):

दादा, तुमचा प्रश्न मला सगळ्यांत जवळचा वाटला, कारण अँटिऑक्सिडंट म्हणजे काय हे तेलातच खरं दिसतं. तेल खवटतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन तेलातल्या असंतृप्त आम्लांवर बसतो, पेरॉक्साइड बनतात, ते फुटून तो वास येतो. नेहमीच्या करडईत लिनोलिक आम्ल शेंगदाण्यापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून ती आधी जाते.

विक्रीच्या तेलात फुलांची पूड मुळीच घालू नका. खाद्यतेलात काय आणि किती घालायचं हे एफएसएसएआयच्या नियमांनी ठरतं, आणि गुलमोहर हा काही खाद्यपदार्थ नाही. शिवाय पुडीबरोबर ओलावा आणि माती तेलात जाईल, त्याने तेल आणखी लवकर बिघडेल.

तुमच्या हातात आहे ते हे. बी नीट वाळलेलं घ्या, फुटकं-किडकं काढून टाका. तेल निवळू द्या, गाळ तळाला ठेवून वरचंच भरा. पारदर्शक बाटली आणि काचेच्या कपाटातला उजेड हे खवटपणाचं मोठं कारण, म्हणून आतून कथलाचा मुलामा असलेला पत्र्याचा डबा किंवा गडद बाटली. गळ्यापर्यंत भरा, वर हवा ठेवू नका. तांब्या-पितळेचं भांडं, चाळणी, तोटी कुठेही तेलाला लागू देऊ नका, तांबं आणि लोखंड ही क्रिया झपाट्याने वाढवतात. करडई थोडी थोडी गाळा, उन्हाळ्यात साठा नको. तीळ गाळत असाल तर तुम्ही पाहिलंच असेल, तिळाचं तेल जास्त टिकतं. त्याचं श्रेय त्यातल्याच सेसॅमॉलसारख्या अँटिऑक्सिडंटना आहे.

मोजायचं कसं, हे विचारलंत. पेरॉक्साइड मूल्य काढतात, आणि त्याला यंत्र लागत नाही, ब्युरेट पुरते. घरी करू नका, क्लोरोफॉर्म लागतं, जवळच्या कॉलेजातून करून घ्या. ५ ग्रॅम तेल, ३० मिली ॲसेटिक आम्ल आणि क्लोरोफॉर्म ३:२ प्रमाणात, अर्धा मिली संपृक्त पोटॅशियम आयोडाइड. एक मिनिट हलवायचं, ३० मिली पाणी, स्टार्च, आणि ०.०१ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने निळा रंग जाईपर्यंत टायट्रेशन. तेल न घालता एक ब्लँक. दोन्हींतला फरक गुणिले नॉर्मॅलिटी गुणिले १०००, भागिले तेलाचं वजन.

पाकळी, तूही हे वाच. एबीटीएस मिळालं नाही तर हाच तुझा दुसरा प्रयोग. दादांकडून काहीही न घातलेलं ताजं करडईचं तेल मागव. अर्क अगदी थोड्या इथेनॉलमध्ये विरघळवून तेलात मिसळ, इथेनॉल उडवून टाक. ६० अंशांच्या ओव्हनमध्ये अंधारात ठेव आणि दर दोन दिवसांनी पेरॉक्साइड मूल्य काढ. शेजारी तीन चंबू हवेत: नुसतं तेल, तेवढंच इथेनॉल घालून उडवलेलं तेल, आणि २०० पीपीएम टीबीएचक्यू घातलेलं तेल. चंबू सगळे एकाच मापाचे घे आणि तेल सारख्याच उंचीपर्यंत भर, नाहीतर हवेशी लागणारा पृष्ठभाग बदलेल.

---

पाकळी (फलटण):

तेलघाणा काका, अर्धा लिटर तेल पाठवाल का? ताज्या घाण्याचं, गाळलेल्याच दिवशीचं. पैसे आणि कुरिअरचा खर्च मी देते. कुठल्या दिवशी गाळलं ते डब्यावर लिहून ठेवा.

---

तेलघाणा (औसा, जि. लातूर):

पोरी, पैसे नकोत. सोमवारी घाणा लागतो, मंगळवारी पत्र्याच्या डब्यात भरून पाठवतो. आकडे आले की मला कळव. चांगले असोत की वाईट, दोन्ही कळव.